सायकल दाराला धडकली नाही, दार सायकलला धडकलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, आधीच सांगतो. कापायचं असेल तर माझ्या खांद्याची रडकथा कापा, कायद्याचा भाग तेवढा राहू द्या. आणि शुद्धलेखनाला हसू नका. मी नारायण पेठेत एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपी करतो, 24 वर्षं झाली, दुसऱ्यांच्या चुका काढण्यातच आयुष्य गेलं, पण हे सगळं मोबाईलवर एका हाताने टाइप केलंय कारण डावा हात अजून लवकर दमतो.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सकाळी साडेनऊची वेळ, मी कर्वेनगरहून नेहमीसारखा सायकलने निघालो होतो, जुनी बावीस इंची काळी सायकल, कॅरियरला डबा. ज्या रस्त्याने जातो तिथे पी-1 पी-2 पार्किंग आहे म्हणजे सम तारखेला एका बाजूला गाड्या आणि विषम तारखेला दुसऱ्या, आणि त्या दिवशी तारखेप्रमाणे गाड्या माझ्या बाजूला होत्या. मागून पीएमपीची बस येत होती म्हणून मी शहाण्यासारखा आणखी डावीकडे सरकलो, गाड्यांच्या रांगेला चिकटून, आणि तेवढ्यात एका पांढऱ्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार खाडकन उघडलं. ब्रेक दाबायला सुद्धा वेळ नाही मिळाला. दाराची कड हँडलला लागली, हँडल पिळवटून डावीकडे वळलं आणि मी पुढे डाव्या खांद्यावर. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून आज हे पत्र लिहितोय, त्या ड्रायव्हरचे उपकार आहेत, नाव सुद्धा माहीत नाही मला त्याचं.

गाडीतून जो उतरला तो तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याचं पहिलं वाक्य काय, तर "काका, बघून चालवायचं ना." मग दाराला पडलेला चरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, खिशातून दोन हजार काढले आणि म्हणाला घ्या, पट्टी करून घ्या, मिटवून टाकू. जमलेल्या लोकांनी पण तेच सांगितलं, जाऊ द्या काका, कुठे कोर्टकचेरी करता. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यात बाणेदारपणा वगैरे काही नव्हता हो, दुखत इतकं होतं की हात पुढे करताच येईना!

कॉलरबोन मोडलं होतं. आणि नोव्हेंबर म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं ते प्रेसवाल्यांना विचारा, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते. माझा सीझन गळ्यात हात अडकवून घरी बसण्यात गेला. मला पगार नाही, पानावर पैसे मिळतात, बसलो म्हणजे शून्य.

आता मुद्द्यावर येतो. संध्याकाळी मेव्हण्याला घेऊन चौकीत गेलो तर तिथले साहेब म्हणाले "अहो पण गाडी तर उभी होती, मग अपघात कसला?" शेवटी आग्रह केला तेव्हा डायरीत एक ओळ लिहून घेतली. ती ओळ मला पाठ झालीये : "सायकलस्वार हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कारच्या दरवाजास धडकून किरकोळ जखमी झाला." मी वाचलं, सही केली आणि घरी आलो. इतकी वर्षं दुसऱ्यांची प्रूफं तपासणारा माणूस मी आणि माझ्याच आयुष्याचं प्रूफ न तपासता पास करून आलो.

चूक दाखवली ती आमच्याकडे व्हिजिटिंग कार्डं छापून घेणाऱ्या एका वकील मॅडमनी. त्या कार्डं घ्यायला आल्या तर मी नाही, म्हणून मालकाकडून नंबर घेऊन फोन केला. म्हणाल्या त्या ओळीचा फोटो पाठवा. पाठवला. दहा मिनिटांनी परत फोन, "काका, या एका वाक्यात तीन शब्द आहेत जे तुमचा क्लेम खाऊन टाकतील." उभ्या, धडकून आणि किरकोळ. या तीन शब्दांवर पुढचे पाच महिने गेले, म्हणून म्हटलं पेपरला लिहावं, कारण हे तीनही शब्द मला पेपरातल्या बातम्यांमध्ये पण दिसतात.

किरकोळचं आधी उरकतो कारण तो सोपा आहे. हाड मोडलं किंवा निखळलं की कायद्यात ती किरकोळ दुखापत राहतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये गंभीर दुखापतीची यादीच आहे, त्यात फ्रॅक्चर आहे, दात तुटला तरी आहे, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणूस आपलं रोजचं काम करू शकला नाही तर तेही आहे. म्हणजे एक्स-रेचा कागद दाखवला की किरकोळ शब्द खोडावाच लागतो. यासाठी एकच करायचं, दवाखान्यात गेल्यावर "सायकलवरून पडलो" असं सांगायचं नाही, "गाडीचं दार लागून पडलो" असं सांगायचं, आणि एमएलसी म्हणजे मेडिको लीगल केस म्हणून नोंद करून घ्यायची. आपण काय करतो, दुखत असतं, नर्स विचारते काय झालं, आपण म्हणतो पडलो हो. झालं, कागदावर आलं "सायकलवरून पडून". नंतर इन्शुरन्सवाला तोच कागद नाचवतो.

आता "उभ्या". हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि चौकीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांचा आहे, की गाडी चालू नव्हती म्हणजे मोटर अपघात नाही. मोटर वाहन कायदा 1988 मध्ये नुकसानभरपाईसाठी जे शब्द वापरलेत ते "वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात" असे आहेत, चालवण्यातून असे नाहीत. आणि वापर म्हणजे काय यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तो चक्क आपल्याच रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. 1987 साली पुण्याहून बंगळूरच्या दिशेने जाणारा पेट्रोल टँकर पहाटे ट्रकला घासून रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळत राहिलं, आणि साधारण चार तासांनी स्फोट झाला त्यात तिथे जमलेली गावातली माणसं भाजून गेली. भरपाई मागितली तर समोरून युक्तिवाद हाच की टँकर तर नुसता पडलेला होता, त्याचा वापर कुठे चालू होता. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वापर या शब्दाचा अर्थ असा आखूड करता येणार नाही, गाडी उभी असो, बंद पडलेली असो, अपघाताचा तिच्या वापराशी संबंध असला तर तो वापरातूनच झालेला अपघात. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं काय सांगू. कलंडलेल्या टँकरचा जर वापर होतो तर गाडी पार्क करून दार उघडून उतरणं हा गाडीचा वापर नाही तर काय आहे? मोटारगाडीत माणूस बसतो ते उतरायसाठीच ना.

आणि गुन्ह्याचं म्हणाल तर तिथे जरा फरक आहे, तो पोलिसांनी पण समजून घ्यावा. न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचं कलम 281 आहे ते "चालवण्या"साठी आहे, उभ्या गाडीला ते लावायला गेलात तर समोरचा वकील हसेल. पण कलम 125 वेगळं आहे, त्यात दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असं कुठलंही बेपर्वाईचं किंवा निष्काळजी कृत्य येतं, गाडी चालवण्याचा संबंधच नाही. बाल्कनीतून कुंडी पडू दिली तरी लागू, न बघता दार उघडलं तरी लागू. गंभीर दुखापत झाली असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो, "बघू, उद्या या" चालत नाही. मला काही त्या माणसाला तुरुंगात बसवायचं नव्हतं, हे इथे लिहितो कारण घरचे सुद्धा म्हणाले की कशाला कुणाचा तळतळाट घेता. पण एफआयआर नसेल तर पुढचा क्लेम लंगडा होतो म्हणून तो हवा.

आणखी एक, अपघात झाला की गाडीवाल्याने काय करायचं हे पण मोटर वाहन कायद्यात लिहिलंय, कलम 134. जखमीला डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था करायची, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. दोन हजार काढून मिटवायचं असं त्यात कुठे नाही.

मग तिसरा शब्द, "धडकून". यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली आहे असं धरा, काही फार नाही, माझ्यासारखा पन्नाशी ओलांडलेला माणूस पण तेवढ्याने जातो. म्हणजे सेकंदाला चार मीटर. आपल्याकडची छोटी कार साधारण तेवढीच लांब असते. दार दिसलं, डोक्यात शिरलं, बोटं ब्रेकवर गेली यात तो एक सेकंद संपतो आणि अख्ख्या गाडीएवढं अंतर आपण कापलेलं असतं. सरळ रेषेत जाणाऱ्या माणसाच्या वाटेत एक पत्र्याचं फाटक अचानक आडवं येतं. कोण कोणाला धडकलं? घरात कोणी चालत असताना तुम्ही कपाटाचं दार त्याच्या तोंडावर उघडलंत तर तुम्ही म्हणाल का की हा कपाटाला धडकला? आई असती तर पाठीत धपाटा घालून म्हणाली असती, दिसत नाही का रे माणूस येतोय ते.

पण कागदावर "सायकलस्वार धडकून" आलं की त्याचा पैशात हिशोब होतो. त्याला कोर्टात सहभागी निष्काळजीपणा असं काहीतरी म्हणतात, म्हणजे चूक दोघांची, तुमची इतके टक्के, त्यांची तितके टक्के, आणि तुमच्या टक्क्यांएवढी भरपाई कापली जाते. विमा कंपनीच्या वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं, सायकलवाल्याने गाड्यांपासून अंतर ठेवायला हवं होतं. ठेवतो की! पण रस्त्याच्या मधून चाललो तर मागचा हॉर्न मारून मारून जीव घेतो, म्हणतो कडेने जा. कडेने गेलो तर दार. सायकल ट्रॅकवरून जा म्हणाल तर आमच्याकडे ट्रॅक आहेत, नाही असं नाही, पण त्यावर कधी गाड्या, कधी पथारी, कधी महापालिकेचेच पेव्हिंग ब्लॉक रचून ठेवलेले. एकेकाळी या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे असं मी नवीन पोरांना सांगतो तर त्यांना गंमत वाटते.

हेल्मेटवरून पण विचारलं मला. मोटर वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. सायकलला लायसन्स लागत नाही, विमा लागत नाही, ते नसणं हा काही गुन्हा नाही. आणि हेल्मेट असतं तरी कॉलरबोन काय डोक्यात असतं का.

तर आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. बाराव्या दिवशी मॅडमबरोबर परत गेलो, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन, आणि सविस्तर लेखी जबाब दिला ज्यात वाक्य असं होतं की मी सरळ जात असताना कारचालकाने मागे न बघता दार उघडले व ते माझ्या सायकलला लागले. कर्ता बदलला, बास. जाताना समोरच्या स्टेशनरीवाल्याकडे सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं, तो म्हणाला बरं झालं आज आलात, पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यात सगळं दिसतं, बस पण दिसते, मी पण दिसतो, दार उघडलेलं पण. ते पोलिसांना दिलं आणि मग एफआयआर झाला. म्हणजे तीन दिवस उशीर केला असता तर माझा शब्द आणि त्याचा शब्द एवढंच उरलं असतं.

मग मोटर अपघात दावा न्यायाधिकरण, ते आमच्याकडे शिवाजीनगर कोर्टात आहे. अर्ज जिथे अपघात झाला तिथे करता येतो, जिथे आपण राहतो तिथे पण करता येतो, म्हणजे साताऱ्याचा माणूस पुण्यात पडला तर त्याने दर तारखेला पुण्याला खेपा घालायची गरज नाही. तिथे फौजदारी कोर्टासारखं संशयापलीकडे वगैरे सिद्ध करायचं नसतं, जास्त शक्यता कुठली एवढं बघतात. तारीख मात्र लक्षात ठेवा, 1 एप्रिल 2022 पासून मोटर वाहन कायद्याच्या कलम 166 चा, म्हणजे भरपाईचा, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असा बदल झालाय. या अटीवर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेलाय, पण त्या भरवशावर राहू नका, सहा महिने म्हणजे सहा महिने धरून चाला. मी पाचव्या महिन्यात केला, प्लॅस्टर प्लॅस्टर करता करता वेळ कसा जातो कळत नाही.

कोणाविरुद्ध, तर चालक, मालक आणि विमा कंपनी. गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो आपल्यासारख्यांसाठीच तर असतो, आपण म्हणजे ती थर्ड पार्टी! म्हणजे खरं तर त्या माणसाच्या खिशातून नाही, तो ज्याचे हप्ते दर वर्षी भरतो त्या विम्यातून पैसे मिळणार असतात, तरी लोक भांडतात दोन हजारांवर. दार मागच्या पॅसेंजरने उघडलं असेल, म्हणजे कॅब सिग्नलला मधल्या लेनमध्ये उभी आणि आतला माणूस डाव्या बाजूने उतरतोय, जे आजकाल फार वाढलंय, तर त्या पॅसेंजरचं नाव पण घ्या आणि मधेच माणूस उतरवणाऱ्या ड्रायव्हरचं पण. धोका होईल अशा जागी गाडी उभी ठेवायची नाही हे कलम 122 मध्ये आहेच. अशा केसमध्ये विमा कंपनी जास्त खेचते असं मॅडम म्हणाल्या, पण म्हणून सोडायचं नाही.

आणि चूक कोणाची हे सिद्धच न करता मिळणारी भरपाई पण आहे, कलम 164, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख. हे मला 24 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि गेल्या 24 वर्षांत मी किती वकिलांची लेटरहेड छापली असतील. कुठल्या कलमाखाली जायचं, 164 की 166, ते दुखापत आणि पुरावा बघून वकिलाला ठरवू द्या, 166 मध्ये जास्त मिळू शकतं पण चूक दाखवावी लागते.

भरपाई किती याचं पण एक. सर्टिफिकेटवर अपंगत्व किती टक्के लिहिलंय एवढ्यावर ठरत नाही. 2010 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात उदाहरणच दिलंय की डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं सगळंच उत्पन्न जाईल पण सरकारी ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी राहू शकते, म्हणून माणूस काय काम करतो ते बघा. म्हणून मी गेल्या तीन सीझनची प्रेसची बिलं, मालकाचं पत्र, बँकेचं पासबुक सगळं जोडलंय. ज्यांच्याकडे असं काहीच नसतं, पोळ्या करायला जाणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन, सकाळी तुमचाच पेपर टाकणारी पोरं, त्यांनी पण घाबरायचं कारण नाही, किमान वेतनाचा आधार घेऊन उत्पन्न धरता येतं. आणि आज पुण्यात हौशी लोकांचा रविवार सोडला तर रोज पोटासाठी सायकल चालवणारे हेच उरलेत. दोन हजारांत मिटवून घेणारे पण हेच.

उपचाराचं राहिलंच. मे 2025 मध्ये केंद्राने रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना आणलीये, सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. माझ्या वेळी चालू होती. मी गेलो त्या हॉस्पिटलमध्ये विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही, भरले आपले 64 हजार. आता विचारा म्हणून सांगतो.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली काका इकडे दार उघडून कोणाला इजा केली तर तोच वेगळा गुन्हा आहे, 1986 पासूनचा नियम आहे. आणि 2022 पासून त्यांच्या वाहतुकीच्या पुस्तकात लिहिलंय की दार लांबच्या हाताने उघडा. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तर त्याने दार डाव्या हाताने उघडायचं, आपोआप अंग वळतं आणि नजर मागे जाते. मी आता रिक्षातून उतरताना पण मान वळवतो, दार नसून सुद्धा, सवयच लागली. आपल्या आरटीओच्या टेस्टमध्ये आठ काढायला लावतात, पार्किंग करायला लावतात, दार उघडून दाखव म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

तर साहेब माझी विनंती तुमच्या डेस्कवरच्या लोकांना आहे, मी पण अक्षरं जुळवणाराच आहे म्हणून हक्काने करतो. चौकीतून जी ओळ येते ती तशीच छापू नका. "दरवाजाला धडकून सायकलस्वार जखमी" या हेडिंगऐवजी "कारचा दरवाजा लागून सायकलस्वार जखमी" एवढं केलंत तरी चालेल, अक्षरं सारखीच बसतात कॉलममध्ये, मी मोजून बघितलीत, एकच जास्त होतं.

माझी पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सायकल जिन्याखाली आहे, हँडल अजून वाकडंच ठेवलंय, मॅडम म्हणाल्या फोटो काढून झाले तरी निकाल लागेपर्यंत सरळ करू नका.

आपला एक जुना वाचक,
नारायण पेठ, पुणे
(कृपया नाव छापू नये)